न येणाऱ्या उत्तराचे पाव गुण

मला त्यांचा हेवा वाटायचा. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांच्याबद्दल काही वाकडं लिहिलं तर वाचणाऱ्यानं त्यातून माझा वाटा वजा करून घ्यावा. आमच्या कॉम्प्युटर विभागात आम्ही सात जण शिकवायला होतो. एकानं नांदेडात तीन मजली घर बांधलं, एकाचा मुलगा परदेशात गेला, एक तर सुरेख गायचा. यातल्या कुणाचाही मला कधी हेवा वाटला नाही. माझं रक्त जाळलं ते फक्त या माणसानं, आणि वरवर पाहता यांच्याकडे हेवा करण्यासारखं काहीच नव्हतं.

उंची बेताची, आवाज चिरका. खडू डब्यात ठेवायचे सोडून शर्टाच्या खिशात ठेवायचे, त्यामुळे खिसा बारा महिने पांढरा. फळा पुसायला जुन्या घोंगडीचा एक तुकडा ते स्वतःच्या पिशवीतून आणत, कारण सरकारी डस्टरनं फळा नुसता मळतो असं त्यांचं म्हणणं होतं. राहायला हदगावला. रोज एसटीनं यायचे, एसटीनं जायचे, आणि पोरांच्या वह्या एसटीतच तपासायचे, त्याही पेन्सिलीनं. त्या वर्षांत रस्त्याचं काम चालू होतं. पोरं खुणा बघून सांगायची, ‘माझा पेपर वारंगा फाट्याच्या खड्ड्यात तपासलाय, तुझा स्टँडवर गाडी उभी असताना.’ सगळे त्यांना ‘हदगावचे सर’ म्हणत. मला नुसतं ‘सर’ म्हणत, तेव्हा मला ते मोठेपणाचं वाटायचं.

‘थिअरी’ हा पेपर बारा वर्षं माझ्याकडे होता. आमच्याकडे विषयाला पेपरच म्हणतात. कॉम्प्युटरचा असूनही ज्याला कॉम्प्युटर लागत नाही असा हा एकच पेपर. यंत्राला काय जमतं, काय कधीच जमणार नाही, आणि जमलं तरी त्याला किती वेळ लागेल, एवढंच त्यात असतं. फक्त ते नुसतं सांगून भागत नाही, सिद्ध करून दाखवावं लागतं. पोरं त्याला घाबरतात. मी ती भीती पार काढून टाकली होती. मी मूळचा लातूरचा. परीक्षेला कसं बसायचं हे आमच्याकडे मिसरूड फुटायच्या आधी शिकवतात. पाच घटक, प्रत्येक घटकाला नऊ तास, प्रत्येक घटकावर हमखास येणारे सहा प्रश्न आणि त्यांची नमुना उत्तरं, अशी एकशे दहा पानं मी तयार केली होती. गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे तो गठ्ठा कायम असायचा. कंधारपासून उदगीरपर्यंतच्या कॉलेजांत माझ्या नोट्स पोचल्या होत्या. माझ्या पेपरात सहसा कुणी नापास होत नसे.

मग माझ्या मुलीनं आमच्याच विभागात एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. मला कोण आनंद झाला. पण नियम असा आहे की ज्याचं जवळचं माणूस परीक्षेला बसणार, त्यानं पेपर काढायचा नाही आणि तपासायचाही नाही. थिअरी दोन वर्षं चालते, पहिला भाग पहिल्या वर्षी, दुसरा दुसऱ्या वर्षी. विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या, “दोन वर्षांचाच प्रश्न आहे सर. ती पास होऊन गेली की पेपर परत तुमचा.” आणि त्यांनी तो हदगावच्या सरांना दिला. म्हणजे माझा पेपर गेला तो माझ्याच लेकीच्या पायी, आणि तिला शिकवण्याचं भाग्यही गेलं ते त्याच माणसाकडे.

पहिल्या दिवशी त्यांनी वर्गात एक कागद वाटला. मुलगी तो घरी घेऊन आली आणि मी तो हातपाय न धुता वाचला. त्यावर घटक नव्हते. अठ्ठावीस तास होते आणि प्रत्येक तासाच्या नावाला एक प्रश्न होता. पहिला तास, ‘जगात प्रश्न जास्त की प्रोग्रॅम जास्त?’ सहावा, ‘आठवण कमी असली की काय काय हातातून जातं?’ चौदावा, ‘आपला प्रश्न दुसऱ्याच्या गळ्यात कसा घालावा?’ विसावा, ‘उत्तर शोधणं अवघड की शोधलेलं तपासणं?’ आणि शेवटचा, ‘कुणालाच माहीत नाही असं काय काय आहे?’ पुस्तकात जे शेवटी येतं, ते यांनी पहिल्याच आठवड्यात घेतलं होतं.

“मग परीक्षेला काय येणार?” मी विचारलं.

“यातलंच काहीतरी येईल म्हणाले. नाहीतर यातलं नसलेलं येईल,” मुलगी म्हणाली, आणि हसली. बारावीनंतर अभ्यासाच्या गोष्टीवर मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

मी तो कागद टेबलावर ठेवला आणि म्हणालो की हा पोरखेळ आहे. खरं तर तो कागद मला बारा वर्षांत सुचला नव्हता, याचं मला वाईट वाटत होतं.

त्यांची फळ्यावर लिहायची तऱ्हा निराळी. तास सुरू झाला की जे सिद्ध करायचं ते आधी फळ्याच्या अगदी तळाशी लिहायचे आणि मग वरून सुरुवात करायचे. म्हणायचे, “जायचं कुठं ते आधी लिवावं, मंग बस धरावी.” कधी कधी वरून आलेल्या ओळी आणि खालची ओळ यांची गाठच पडायची नाही. तेव्हा ते लपवालपवी करत नसत. मधल्या मोकळ्या जागेभोवती चौकट काढून आत लिहायचे, ‘इथं पूल न्हाई. उद्या बांधू. पुसू नये.’ आणि घोंगडीचा तुकडा पिशवीत टाकून निघून जायचे.

एकदा त्यांच्यानंतर त्याच खोलीत माझा तास होता. फळ्यावर ती चौकट. मी पुसली. शिपाई पुसतो तशी नाही, ओलं फडकं मागवून चांगली पुसली. कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना मुलगी सांगायला लागली, “कुणीतरी फळा पुसला होता पप्पा. सरांना सगळं पहिल्यापासून लिहावं लागलं. आणि लिहिता लिहिता त्यांना चार ओळींत जाणारी वाट सापडली. म्हणाले, ज्यानं पुसलं त्याला माझ्याकडून चहा.”

मी दुसऱ्यांदा भाजी घेतली नाही. बायकोनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “पोटात दुखून राहिलं का? ओवा देऊ?” तिला सगळं कळत होतं.

पण ज्यावरून त्यांचं नाव झालं, ती गोष्ट ‘चाराण्याची’. परीक्षेत किंवा गृहपाठात एखादा प्रश्न येत नसेल तर तिथे सरळ लिहायचं, ‘मला येत नाही.’ असं लिहिणाऱ्याला त्या प्रश्नाचे पाव गुण मिळत. पानभर काहीबाही लिहून वेळ मारून नेणाऱ्याला शून्य. ते म्हणायचे, “ठोकून दिलं की शून्य. कबूल केलं की चाराणे. ज्याला आपलं कुठं अडलं ते कळलं, त्याला चाराण्याचं तर कळलंच ना?” आधी पोरांना ती थट्टा वाटली. मग परीक्षेत एका इस्लापूरच्या पोरानं दहापैकी चार प्रश्नांना ‘येत नाही’ लिहिलं, बाकीचे सहा नीट सोडवले आणि तो वर्गात पहिला आला. पानं भरणाऱ्या हुशार मुलींनी घरी जाऊन रडून घेतलं. माझी मुलगी रडणाऱ्यांत होती. पुढच्या परीक्षेत तिनं आयुष्यात पहिल्यांदा उत्तरपत्रिकेत लिहिलं की मला हे येत नाही. घरी येऊन तिनं ते असं सांगितलं की जसं काही बक्षीस आणलंय.

दुसरा नियम खाली हाताचा, म्हणजे रिकाम्या हातानं उठायचा. गृहपाठावर वाटेल त्याच्याशी बोला, फळ्यावर लिहा, भांडा. पण उठताना हातात कागद नको, मोबाइलमध्ये फोटो नको. मग एक तास दुसरं काहीतरी करायचं आणि त्यानंतर एकट्यानं बसून लिहायचं. ज्यांच्याशी बोललो त्यांची नावं वर लिहायची. एका पोरानं लिहिलं होतं, ‘मदत: मेसच्या काकू. त्यांनी नुसतं ऐकून घेतलं, पण सांगताना माझी चूक मला कळली.’ हदगावच्या सरांनी त्याखाली पेन्सिलीनं लिहिलं, ‘काकूंना बी गुण द्यायला पायजेत.’ तो कागद महिनाभर विभागात हातोहात फिरला. माझ्या एकशे दहा पानांतलं एकही पान असं कुणी फिरवलेलं मला आठवत नाही.

घरात तर दुसरा विषयच उरला नव्हता. सर असं म्हणाले, सरांनी आज असं केलं. माझ्या लेकीला मीच सायकल शिकवली, पाढे शिकवले, बोर्डाच्या परीक्षेला सेंटरबाहेर उन्हात मीच उभा राहिलो. माझ्याकडे ती असं बघायची की बाप आहे, चांगला आहे. त्यांचं नाव निघालं की तिच्या डोळ्यांत जे यायचं ते माझ्यासाठी कधी आलं नव्हतं. मला तेच हवं होतं. पेपर परत हवा होता, तोही त्यासाठीच. पेपर आला की पोरं परत माझी होतील, आणि पोरांच्या पाठोपाठ लेकही, असा माझा हिशेब.

एका रविवारी ती एका गृहपाठावर अडून बसली होती. मी सहज डोकावलो. प्रश्न माझ्या ओळखीचा होता. एक यंत्र आहे, त्याची आठवण, म्हणजे मेमरी, ठरावीक. त्याच्यासमोर कंसांची लांबलचक माळ ठेवायची, आधी सगळे उघडणारे, मग सगळे मिटणारे. दोन्ही सारखे आहेत का, हे त्या यंत्राला कधीच खात्रीनं सांगता येणार नाही, हे सिद्ध करा. रीत ठरलेली आहे. असं यंत्र आहे असं धरायचं. आठवण कमी असल्यामुळे माळेत कुठेतरी एक तुकडा असा निघतोच, की तो दोनदा लिहिला काय आणि दहादा लिहिला काय, यंत्राला फरक कळत नाही. तुकडा वाढवला की संख्या बिघडते, यंत्र मात्र ‘बरोबर’ म्हणत राहतं आणि तिथंच खोटं पडतं. बारा वर्षं शिकवलेली गोष्ट. मी पहिलाच कंस तुकडा म्हणून धरला, वाढवला, पाच ओळींत सिद्धता संपवली. मुलगी म्हणाली, “इतकं सोपं?” मी म्हणालो, “येणाऱ्याला सोपंच असतं.” तिनं नियमाप्रमाणे तासभर घर आवरलं, मग एकटीनं बसून लिहिलं, आणि वर लिहिलं, ‘मदत: पप्पा.’ ते वाचून मला किती बरं वाटलं ते काय सांगू.

गुरुवारी वही परत आली. शून्य. खाली पेन्सिलीनं, खड्ड्यांतून लिहिलेल्या अक्षरात: ‘तुकडा कुठला हे आपण ठरवायचं न्हाई. तो वैरी ठरवणार, असं यंत्र हाय म्हणणारा. तो जिथं पाडील तिथं आपल्याकडं उत्तर पायजे. पप्पांना नमस्कार.’

मुलगी वही टेबलावर ठेवून पाणी आणायला गेली. ती झोपल्यावर वगैरे नाही, तिच्या देखतच मी माझ्या नोट्स काढल्या. पान चौतीस. तीच सिद्धता, तोच तुकडा मी माझ्या सोयीनं धरलेला. बारा वर्षं. शेकडो पोरांनी ती पाठ केली, परीक्षेत लिहिली, मी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. एकानंही कधी हात वर करून म्हटलं नाही की सर, हे मला कळलं नाही.

मला वाटलं, झेरॉक्सवाल्याकडे जाऊन गठ्ठा उचलून आणावा. गेलो नाही. दोन महिन्यांनी त्यानंच हाक मारली. “सर, तुमचा गठ्ठा घरी नेता का? जागा अडून राहिली. पोरं आता दुसऱ्याच नोट्स नेतात.” त्या दुसऱ्या नोट्स म्हणजे हदगावच्या सरांच्या वर्गानं लिहिलेल्या. प्रत्येक तासाला दोन पोरं टिपणं घ्यायची, सर ती तीन-तीनदा दुरुस्त करायला लावायचे, आणि वर्षाखेर वर्गाचंच एक पुस्तक झालं होतं. तिसऱ्या तासाच्या टिपणांवर माझ्या मुलीचं नाव होतं. मी गठ्ठा स्कूटरच्या पायाशी ठेवून घरी आणला.

दुसरं वर्ष संपत आलं तसा मी दिवस मोजायला लागलो. जूनमध्ये पेपर परत माझा. तेवढ्यात पोरांनी मॅडमना अर्ज दिला की थिअरी कायमची हदगावच्या सरांकडेच ठेवावी. मॅडम मला म्हणाल्या, “बघू या. पोरांचंही ऐकलं पाहिजे.” ‘बघू या’ म्हणजे काय ते नोकरीत केस पांढरे झालेल्या माणसाला कळतं. त्या अर्जावर माझ्या मुलीची सही होती की नाही, हे मी तिला विचारलं नाही. विचारायची छाती झाली नाही.

मी एक तक्रार लिहिली. न येणाऱ्या उत्तराला गुण देणं हे परीक्षेच्या नियमांत बसत नाही, असा एक मुद्दा. सगळ्याच प्रश्नांना ‘येत नाही’ लिहिणाऱ्याला शंभरातले पंचवीस फुकट मिळतात, हा दुसरा. दुसऱ्या विभागांतल्या मुलांवर अन्याय होतो, हा तिसरा. खाली सही केली, ‘एक पालक.’ मी पालक होतोच, त्यामुळे ते खोटं नव्हतं, अशी मी मनाची समजूत घातली. भावाकडे लातूरला गेलो होतो, तिथूनच पोस्टात टाकली, म्हणजे शिक्का लातूरचा. एवढी अक्कल मी त्या कंसांच्या प्रश्नाला लावली असती तर बरं झालं असतं.

त्यानंतरच्या रविवारी दुपारी दारात हदगावचे सर. माझ्या घरी ते आधी कधी आले नव्हते. हातात केळ्यांची फणी, अर्धापूरला उतरून घेतलेली. मुलीनं त्यांना पाणी दिलं आणि तिथंच खुर्ची ओढून बसली. त्यांनी पिशवीतून घडी केलेला कागद काढून माझ्यापुढे ठेवला. माझीच तक्रार.

“मॅडमनं दिली. बुधवारी बैठक हाय, लेखी उत्तर द्या म्हणल्या,” ते म्हणाले. “मला हे सरकारी लिवणं जमत न्हाई. मी लिवलं की भांडण केल्यागत वाटतं. तुमी लिवून द्याल का?”

मुलीनं कागद उचलून वाचला. तिचा चेहरा बदलत गेला. “असा कोणता पालक असेल हो पप्पा? किती हलक्या मनाचा माणूस.”

“हलका न्हाई बाई,” सर म्हणाले. “लई विचार करून लिवलंय त्यानं. म्या नियम काढला तवा म्या बी एवढा विचार केला नव्हता.”

बायको चहा घेऊन आली. तिनं कागद पाहिला, मला पाहिलं, आणि कप ठेवून आत गेली. ओव्याचं विचारलं नाही.

मी लिहायला बसलो. मुलगी सुवाच्य लिहायची म्हणून वही तिच्याकडे, सांगणारा मी. माझा बेत कच्चं उत्तर देण्याचा होता. मी चार गुळगुळीत वाक्यं सांगितली, विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासाची वगैरे. सर मान हलवत म्हणाले, “छान हाय.” त्यांना खरंच छान वाटलं होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. मुलीनं मात्र पेन खाली ठेवलं. “पप्पा, याच्यात त्यांच्या एकाही मुद्द्याला उत्तर नाही. असं दिलं तर सर हरतील.”

ती माझ्याकडे बघत होती. लेकीसमोर वाईट लिहिणं मला जमलं नाही. म्हणालो, खोड ते सगळं. मग एकेक मुद्दा घेतला. नियमांच्या पुस्तकात गुणदानाची पद्धत शिक्षकानं आधी जाहीर करावी एवढंच आहे, आणि ती पहिल्या दिवशी जाहीर झाली होती. पंचवीस गुणांवर कुणी पास होत नाही, पास व्हायला चाळीस लागतात, म्हणजे निव्वळ ‘येत नाही’वर कुणीच तरलेलं नाही. तक्रार माझीच असल्यामुळे तिची नरम जागा कुठे आहे ते मला पाठ होतं. मुलगी भराभर लिहीत होती. मला चढलं. आणि त्या भरात मी सांगून गेलो:

“लिही. एका शिक्षकाच्या नोट्समध्ये पान चौतीसवर एक सिद्धता बारा वर्षं चुकीची होती. ती शेकडो विद्यार्थ्यांनी पाठ केली. एकानंही ‘मला हे कळलं नाही’ असं म्हटलं नाही, कारण त्या वर्गात तसं म्हणण्याला काही किंमत नव्हती. ज्या वर्गात ती किंमत ठेवली गेली, त्या वर्गात ती चूक एका आठवड्यात सापडली.”

मुलीचं पेन थांबलं. तिनं मान वर केली. “हे असंच लिहू?”

“लिही,” मी म्हणालो. “खाली माझं नाव घाल. तो शिक्षक मी आहे म्हणून.”

सर केळ्याची साल दुमडत बसले होते. त्यांनी ती ताटलीत ठेवली आणि म्हणाले, “आता ह्याला कोण काय बोलणार.”

बुधवारी बैठकीत मॅडमनी ते उत्तर मोठ्यानं वाचलं. पान चौतीस आलं तेव्हा बाकीचे चार सहकारी माझ्याकडे बघायला लागले आणि गाणाऱ्यानं खाली पाहिलं. तक्रार निकाली निघाली. मॅडम म्हणाल्या, मग पेपरही सरांकडेच राहू द्यावा. मी काही बोलायच्या आत हदगावचे सर उठले. “पेपर त्यांचा हाय मॅडम. पोरगी शिकून राहिली होती म्हणून माझ्याकडं आलता. आता तिचं झालं. ज्याचा त्याला द्या.” बैठक संपल्यावर ते जिना उतरत होते तेव्हा मी त्यांना मागून गाठलं.

“उत्तर लिहून घ्यायला तुम्ही माझ्याकडेच का आलात? ऑफिसात लिहिणारे होते की.”

“ज्यानं तक्रार लिवली त्याच्यापेक्षा चांगलं उत्तर कुणाला सुचणार?” ते म्हणाले, आणि खिशातला खडू चाचपून पाहिला. “पालक असं लिवत न्हाईत सर. पालक लिवतात, आमच्या पोराचं नुकसान होऊन राहिलं, कायतरी करा. मुद्दा एक, मुद्दा दोन, खाली अ, ब, क, हे तुमच्या नोट्सात असतंय.”

“मग मॅडमना का नाही सांगितलं?”

“कशाला? तक्रार काय खोटी व्हती? उत्तर जास्त खरं निघालं, एवढंच.”

“मुलीला?”

“तिचा काय संबंध,” ते म्हणाले. त्यांची साडेपाचची गाडी होती. ते गेले.

मला त्या जिन्यात शरम वाटायला हवी होती. वाटली, पण तिच्या आधी हेवाच वाटला. मी त्यांचा फळा पुसला, त्यांचं नाव घालवायला निघालो, आणि या माणसाच्या अंगाला त्यातलं काहीही लागलं नाही.

पुढच्या वर्षी ते लातूरच्या एका कॉलेजात गेले. सगळं सोडून माझ्याच गावाला. माझा मेव्हणा फोन करून सांगतो, “दाजी, काय माणूस धाडला तुमी आमच्याकडं.” मी थिअरी शिकवतो, त्यांच्याच अठ्ठावीस प्रश्नांच्या कागदावरून. त्यावर माझं नाव घालत नाही, एवढी लाज उरली आहे. चाराणे ठेवलेत, खाली हाताचा नियम ठेवलाय. सगळं तसंच आहे. पण त्यांच्याकडून शून्य घेतलेली पोरंही हसत बाहेर यायची; माझ्याकडून चाराणे घेताना ती नुसती बेरीज करतात.

लेक मात्र मिळाली. बैठकीच्या संध्याकाळी ती घरी आली ती माझ्याकडे बघतच. मी दोन वर्षं ज्यासाठी जळत होतो ते तिच्या डोळ्यांत होतं, आणि माझ्यासाठी होतं. “पप्पा, दुसऱ्यासाठी स्वतःची चूक अशी कोणी लिहून देत नाही,” ती म्हणाली. मी मान खाली घालून भाकरी मोडत राहिलो. त्या पालकाचं तिनं परत कधी विचारलं नाही. मीही कधी सांगितलं नाही. ती आता हैदराबादला असते, आणि तिथं मैत्रिणींना माझी ही गोष्ट सांगते, हे मला तिच्या आईकडून कळतं.

यंदा ते निवृत्त होताहेत. त्यांच्या जुन्या पोरांनी एक छोटं पुस्तक काढायचं ठरवलंय, संपादन माझ्या मुलीकडे. तिनं फोन करून मला लेख मागितला. “तुमच्याइतकं त्यांना कुणी ओळखत नाही पप्पा,” म्हणाली. तीन वेळा लिहिला. पहिल्या दोन्ही वेळी तक्रारीचा भाग आला की मी ‘एका पालकाने’ असं लिहून पुढे जायचो. लेख बरे झाले होते, छापण्यासारखे. ते फाडले.

बाई, हा तिसरा. तू इथपर्यंत वाचत आलीस म्हणजे तो हलक्या मनाचा माणूस तुला भेटला. छापायचा की नाही ते तू ठरव. फक्त छापायच्या आधी सरांना दाखवू नकोस. ते वाचतील, ‘छान हाय’ म्हणतील, आणि ते मला अजूनही सोसणार नाही.